नेमाची जागा

कान्हेरीच्या डोंगरावर येणारे बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात जातात, पडवीतल्या दोन प्रचंड बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि ऊन वाढायच्या आत खाली उतरतात. मी तिथे गेले की वरच्या लहान लेण्यांकडे वळते. तिथले कितीतरी विहार अगदी साधे आहेत. चार-पाच पायऱ्या, बाजूला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, पुढे पडवी, पडवीच्या भिंतीला लागून दगडी ओटा, आणि आत एका माणसाला आडवं होता येईल एवढी खोली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून साधारण अकराव्या शतकापर्यंत या एका डोंगरात शंभराहून जास्त लेणी खोदली गेली. हजार वर्षांत राजे बदलले, पंथातले विचार बदलले, मूर्ती घडवायची पद्धत बदलली, पण टाकं आणि ओटा राहिला.

या ओट्यावर बसलं की मला इथे राहिलेल्या भिक्षूंच्या व्यवहारी शहाणपणाचं फार कौतुक वाटतं. मन एकाग्र करणं हेच ज्यांचं आयुष्याचं काम, त्यांनी मनाची वाट पाहिली नाही. बसायची जागा आधी ठरवली, पाणी हाताशी ठेवलं, उठायची, भिक्षेला जायची, जेवायची वेळ ठरवली. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं, हाही नियमच. आज मन लागेल का, हा प्रश्न या सगळ्यानंतरचा. आणि ही लेणी, टाकी खोदायचा खर्च केला कोणी? तिथल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा अशा गावांतल्या व्यापाऱ्यांची, कारागिरांची, गृहस्थांची नावं आहेत. कोणी टाकं दिलं, कोणी लेणं दिलं. दुसऱ्या कुणाला शांत बसता यावं म्हणून बाजारात उठबस करणाऱ्या माणसांनी पैसे मोजले.

मी बोरिवली पूर्वेला राहते, कान्हेरीचा डोंगर ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे त्याच्या फाटकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नोकरी अंधेरीला, हिशेब खात्यात. वय पन्नाशीच्या पुढे. मुलं मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं, प्रकृती बरी. या वयाला पोचलेल्या आमच्यासारख्या कितीतरी जणींना एक गोष्ट जाणवते, पण ती बोलायची कशी ते कळत नाही. तक्रार करावी असं काही नाही आणि तरी संध्याकाळी घरी आल्यावर दिवस कुठे गेला ते सांगता येत नाही. सकाळी साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत हात चालू असतात. त्यातलं आपण निवडलेलं काय होतं, असं विचारलं तर उत्तर सुचत नाही.

यात वेळेचा प्रश्न खराच आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ९७. म्हणजे बायकांचे जवळजवळ पाच तास. त्यात मुंबईच्या उपनगरातला प्रवास मिळवा. ज्या बाईला हे आकडे जगायचे आहेत तिला कोणी ‘स्वतःसाठी वेळ काढा’ म्हणालं की मला राग येतो. वेळ काढायचा तर तो कोणाकडून तरी काढून घ्यावा लागतो आणि त्यासाठी घरात बोलावं लागतं. मी बोलले. सकाळचा पहिला चहा आणि एक डबा यजमान करतील, असं ठरलं, तेव्हा कुठे मला पाऊण तास मिळाला. नेम धरण्याची पहिली पायरी माझ्या बाबतीत हीच होती.

पण वेळ मिळाला म्हणजे झालं असंही नाही. गाडीतला वेळ मला रोज मिळतच होता. आधी बोरिवली लोकलमध्ये, आणि २०२३च्या जानेवारीत मेट्रोचा सातवा मार्ग गुंदवलीपर्यंत पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय उद्यान स्टेशनातून थेट अंधेरीत. थंड डबा, बसायला जागा मिळण्याचीही शक्यता. त्या वेळात मी काय करत होते? फोन बघत होते. कोणाच्या तरी स्वयंपाकघरातली फोडणी, कोणाच्या तरी मुलीचं लग्न, कुठल्यातरी गावातला अपघात. उतरताना त्यातलं काहीच आठवायचं नाही. वेळ आपला असतो आणि लक्ष दुसऱ्याच्या ताब्यात असतं. मग तो वेळ जगल्याची खूण मागे राहत नाही.

हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० प्रौढ माणसांच्या फोनवर दिवसात अधूनमधून प्रश्न यायचा: आत्ता काय करताय, मन त्याच कामावर आहे का, आणि कसं वाटतंय? जवळपास ४७ टक्के उत्तरांत मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि मन दुसरीकडे असताना माणसं कमी समाधानी होती, मग हातातलं काम आवडीचं असो वा कंटाळवाणं. छान काहीतरी मनात घोळवणारेसुद्धा, समोरच्या कामात असलेल्या माणसांपेक्षा जास्त आनंदी निघाले नाहीत. मला या अभ्यासातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. माणूस काय करतोय यापेक्षा त्याचं मन कुठे आहे यावरून त्याच्या समाधानाचा अंदाज जास्त चांगला बांधता येत होता. आपण आयुष्यभर काम बदलायचा, घर बदलायचा, गाव बदलायचा विचार करतो. लक्ष बदलायचा विचार सहसा कोणी सुचवत नाही.

मी सुरुवात केली ती एका जागेपासून. उद्यानाच्या फाटकातून आत गेल्यावर रस्ता दहिसर नदीच्या सोबतीने जातो. तुळशी तलावाच्या बाजूने येणारी ही नदी बाहेर वस्तीत शिरल्यावर कशी होते ते बोरिवली-दहिसरच्या लोकांना सांगायला नको, पण उद्यानात ती अजून नदी आहे. तिच्या काठाला एक जागा मी धरली. आठवड्यातले पाच दिवस, उजाडल्यावर, तिथे जायचं आणि पंधरा-वीस मिनिटं बसायचं. चालणं जाता-येता होतंच. फोन पिशवीत. सोबत शंभर पानी वही. वहीत फक्त जे दिसलं, ऐकू आलं ते लिहायचं: पाणी कसं आहे, समोरच्या झाडाची पानं, पक्षी, आकाश. मनात काय आलं ते लिहायचं नाही, हा नियम मी मुद्दाम केला, कारण स्वतःच्या मनाबद्दल लिहायला बसले की मी पुन्हा घरच्याच काळज्यांत जाते.

पहिले काही आठवडे वहीत काहीच नव्हतं. ‘झाडं. पक्ष्यांचा आवाज. माकडं.’ एवढंच. मला झाडांची नावं माहीत नव्हती आणि नाव माहीत नसलेली गोष्ट डोळ्यांसमोरून सरळ निघून जाते. मग सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी समोरचं झाड कुसुम असल्याचं सांगितलं. मार्चमध्ये त्याला पालवी फुटली तेव्हा मी थक्क झाले, कारण ती पालवी लालभडक असते, लांबून फुलंच वाटतात. इतकी वर्षं मी याच रस्त्याने पाहुण्यांना उद्यान दाखवायला आणलं होतं. त्याच महिन्यात दयाळ गायला लागला. थंडीत तो गप्प असतो, नुसती एखादी शीळ. मार्चपासून पावसापर्यंत मात्र भल्या पहाटे शेंड्यावर बसून लांबलचक गाणं म्हणतो. तांबट दिसायच्या आधी त्याची टुक-टुक ओळखीची झाली. हिवाळ्यात हळद्या आला, त्याचा पिवळा रंग पानाआडून लपत नाही. पावसाळ्यात नदीचा आवाज एवढा वाढतो की पक्षी ऐकू येत नाहीत, मग मी पाणीच लिहिते. गढूळ, चहासारखं, दोन दिवसांनी निवळ, दगड पुन्हा दिसायला लागले.

आणि बघायचं राहून गेलेलं एक म्हणजे कारवी, उद्यानातल्या उतारांवरची झुडपं. सात-आठ वर्षांतून एकदा ती सगळी मिळून फुलतात आणि मग मरतात. २०१६ साली इथे कारवी फुलली होती. तेव्हा मी इथेच राहत होते, रोज याच फाटकावरून रिक्षाने स्टेशनला जात होते, आणि मला ते वर्तमानपत्रातून कळलं. फुलं निळी-जांभळी असतात एवढं त्या बातमीतल्या फोटोवरून समजलं.

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात असं जिकडेतिकडे सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजून पाहिलं. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी गोष्ट निवडली, न्याहारीनंतर पेलाभर पाणी पिणं किंवा जेवणाआधी थोडं चालणं अशासारखी, आणि ती रोज ठरावीक प्रसंगाला जोडून बारा आठवडे केली. ती न आठवता आपोआप व्हायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले असते आणि कोणाला २५४ लागतील असं गणित निघालं. पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर रुळल्या, व्यायामाला वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. हे शेवटचं वाक्य मला प्रत्येक गृहिणीला वाचून दाखवावंसं वाटतं. घरात ताप येतो, पाहुणे येतात, गाड्या बंद पडतात. एक दिवस मोडला की ‘आपल्याच्याने होणार नाही’ म्हणून सगळंच सोडून देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आमच्या आजीचा एकादशीचा उपास आजारपणात मोडायचा, पुढच्या एकादशीला ती तो पुन्हा धरायची. तिला त्यात काही तुटलं असं वाटायचं नाही.

बोरिवलीच्या दुसऱ्या टोकाला, खाडीपलीकडे गोराईला, मन एकाग्र करण्यासाठीच उभारलेली आपल्या काळातली वास्तू आहे. जेट्टीवरून होडीत बसलं की पाण्यावरूनच तिचा सोनेरी कळस दिसू लागतो. ग्लोबल विपश्यना पॅगोडा. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या घाटाचा, सुमारे ३२५ फूट उंच. आतला घुमट दगडात दगड अडकवून रचला आहे, खाली एकही खांब नाही, आणि त्याखाली आठ हजार माणसं एकाच वेळी ध्यानाला बसू शकतात. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. १९८९पासून शेजारीच एस्सेलवर्ल्डचे पाळणे होते. माझी मुलं लहान असताना आम्ही त्याच होडीने जायचो आणि कळसाकडे पाठ करून पाळण्यांकडे वळायचो.

विपश्यनेच्या या परंपरेची कहाणी हिशेब खात्यातल्या मला विशेष जवळची आहे. ही ध्यानपद्धत भारतात आणणारे सत्यनारायण गोयंका १९२४ साली मंडालेला जन्मले, मोठे व्यापारी झाले आणि अर्धशिशीने हैराण झाले. वेदना थांबवायला त्यांना मॉर्फिन घ्यावं लागायचं. १९५५ साली ते ज्यांच्याकडे शिकायला गेले ते सयाजी ऊ बा खिन कुणी संन्यासी नव्हते. ते ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. लेखा कार्यालयात कारकून म्हणून लागले, वर चढत गेले आणि १९४८ साली देश स्वतंत्र झाल्यावर त्या सर्वोच्च पदावर बसले. कार्यालयातल्या माणसांना ते कार्यालयातच ध्यान शिकवत. आणि त्यांना स्वतःला ज्यांनी शिकवलं ते सया तेजी शेतकरी होते. शेतकरी, मग लेखापाल, मग व्यापारी अशी ही शिष्यपरंपरा आहे. गोयंका १९६९ साली भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत त्यांचं पहिलं शिबिर झालं, मोजक्या माणसांचं, आणि त्यात त्यांचे आईवडीलही होते. पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र झालं. २०१३ साली मुंबईतच त्यांचं निधन झालं.

पॅगोडाच्या आवारातल्या धम्मपत्तन केंद्रात मी दहा दिवसांचं शिबिर केलं. पैसे घेत नाहीत, शिबिर पुरं केल्यावर ज्याला द्यायचं त्याने द्यावं. पहिल्या दिवशी फोन जमा करायचा. वाचन नाही, लेखन नाही, कोणाशी बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. पहाटे चारला घंटा, साडेचारला बसायचं, रात्री नऊपर्यंत. दिवसाचे जवळजवळ दहा तास बैठक. पहिले तीन दिवस काम एवढंच की नाकपुड्यांशी आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास बघायचा. तो लांब करायचा नाही, मोजायचा नाही, कुठला मंत्र म्हणायचा नाही.

लक्ष किती पळतं हे वाचून माहीत होतं, तिथे बसून कळलं. दहा श्वास सलग बघणं मला पहिल्या दिवशी जमलं नाही. मार्चअखेरचे ताळेबंद आठवले, गॅसचा सिलेंडर नोंदवायचा राहिला ते आठवलं, लग्नात जावेने काय म्हटलं होतं तेही आठवलं, आणि ते तर वीस वर्षांपूर्वीचं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी केव्हातरी नाकाखाली, वरच्या ओठापर्यंतच्या तेवढ्याशा जागेत श्वासाचा थंडपणा आणि ऊब वेगवेगळी लागायला लागली. चौथ्या दिवसापासून तेच लक्ष डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचं, कुठे दुखतं, कुठे मुंग्या, कुठे काहीच नाही, आणि जे जाणवेल त्याला घालवायचं नाही की धरून ठेवायचं नाही. तासभर न हलता बसायच्या बैठका असतात. गुडघा असा पेटला की उठावंसं वाटलं. बघत राहिल्यावर त्या दुखण्याचे तुकडे दिसायला लागले, ठणका वेगळा, ताण वेगळा, आणि मधेमधे थांबतंही ते. दुखणं गेलं नाही, पण मला त्याची पूर्वीसारखी धास्ती उरली नाही.

इतका कडक अभ्यास प्रत्येकासाठी नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराला बसू नका असं केंद्रच सांगतं, अर्जात तसे प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरं खरी द्यावीत. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावं अशी शिकवण आहे. माझ्या घरात दोन तास निघत नाहीत. मी नदीकाठच्या वीस मिनिटांतली पहिली दहा डोळे मिटून श्वासाला दिली आणि उरलेली डोळे उघडे ठेवून वहीला. शिबिरातले जाणकार हे मान्य करणार नाहीत. मला ते जमतं आणि टिकलं आहे, म्हणून मी तसंच चालू ठेवलं.

डोळे उघडे ठेवून केलेलं ध्यान मला अधिक मानवतं, हेही खरं. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनीही तेच केलं. १९३०च्या सुमारास ते बेकार होते. जर्मनीत शिकून ते परतले तेव्हा म्युझियममधली त्यांची नोकरी पैसे नाहीत म्हणून संपली होती, आणि दुसरी मिळाली नाही. ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात ते महिनोन्महिने ती घरटी बघत बसले आणि तोवर कोणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट त्यांना दिसली. नर अर्धवट घरटं विणतो. मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर त्यात राहते, मग नर ते पुरं करतो आणि दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. सुगरणीची घरटी कोकणातल्या पोराटोरांनी शेकडो वर्षं पाहिली होती. एका झाडापाशी रोज बसणारा माणूस मात्र आधी मिळाला नव्हता. आज त्याच सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र गोरेगावला चित्रनगरीच्या आवारालगत आहे. झाडं-पक्षी-फुलपाखरं ओळखायला शिकायचं असेल तर उपनगरातल्या माणसाला लांब जायला नको.

आणि दुर्गाबाई भागवत. १९५६ साली आलेलं त्यांचं ‘ऋतुचक्र’ चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांकडे बघतं. मी ते कॉलेजात वाचलं होतं, भाषेसाठी. आता वही समोर ठेवून महिन्यामहिन्याने वाचते. आपल्याकडे असं बघून ठेवलेलं आहे, मराठीत आहे, हे कळल्यावर मला एकटं वाटलं नाही.

उद्यान जवळ असणं हे माझं भाग्य आहे, त्यावाचून अडत नाही. माझ्या जुन्या लोकलच्या डब्यात बायकांची भजनी मंडळी आहे. दाराजवळचा एक कोपरा, टाळांच्या दोन जोड्या, गाडी सुटली की पहिला अभंग. दसऱ्याला डब्याची पूजा होते, पेढे वाटले जातात. त्यांतल्या एकीने मला सांगितलं, घरी मी आई, ऑफिसात मी क्लार्क, ह्या पन्नास मिनिटांत मी नुसता आवाज असते. मुलुंडची एक मैत्रीण दर शनिवारी वाचनालयात जाऊन पुस्तक बदलते, पाऊस असो की मेगाब्लॉक, आणि आठवडाभर रात्री जेवणं झाली की वीस पानं वाचते. घाटकोपरला राहणारे आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ बायको गेल्यानंतर रोज एक भाजी नीट शिकून करतात. चिरण्यापासून बघतात. कांदा किती परतला की गोड होतो हे ते आता इतकं बारकाईने सांगतात की जेवणाच्या सुट्टीत आम्ही ऐकत राहतो. या सगळ्यांत मला एकच रचना दिसते. गोष्ट लहान, जागा-वेळ ठरलेली, आणि तीत अजून बघण्यासारखं काहीतरी शिल्लक. नुसती पुनरावृत्ती असेल तर कंटाळा येतो. दात घासणंही रोजचंच आहे, त्याने कोणाचं आयुष्य भरत नाही. रोज तेच करून रोज थोडं जास्त दिसलं पाहिजे.

नदीकाठच्या बसण्याने माझा पगार वाढला नाही, रक्तदाब थोडा उतरला असेल, तो चालण्यानेही उतरला असेल. जे बदललं ते मला अपेक्षित नव्हतं. आई मुलुंडला भावाकडे असते, वय ऐंशीच्या पुढे. आमचं गाव कुडाळजवळ. रविवारी गेले की ती लावणीच्या दिवसांची तीच गोष्ट सांगते: पाऊस, इरलं, कमरेत वाकून वाकून पाठ धरलेली, आणि बांधावर पेज घेऊन आलेली तिची आई. वर्षानुवर्षं मी ती हो-हो करत, भाजी निवडत ऐकली. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ती सांगत असताना माझ्या तोंडून सहज प्रश्न गेला, ‘आई, ते शेत कुठलं गं? त्याला काही नाव होतं?’

तिने माझ्याकडे बघितलं. ‘आता कशाक इचारतंस?’ म्हणाली, आणि मग बोलत सुटली. प्रत्येक तुकड्याला नाव होतं. व्हाळाकडचा कोपरा, चिंचेखालचा, देवाचा, वरचा भरडाचा. कुठे पाणी थांबायचं, कुठे खेकडे बांध फोडायचे, कुठल्या तुकड्यात मुणगा पेरायचे आणि कुठल्यात वालय. तिच्या आईने कुठल्या बांधावर पेज ठेवली होती तेही तिला आठवत होतं. मी पिशवीतून वही काढली आणि कुसुमाच्या, दयाळाच्या नोंदींच्या पुढच्या पानावर तिची शेतं लिहायला लागले.

आता दर रविवारी ते काम चालतं. ‘वयल्या वाडीची शेतां अजून ऱ्हवली,’ ती आठवण करून देते. भाताच्या नावांवर तिचं कुडाळच्या मावशीशी फोनवर भांडण झालं. मावशीचं म्हणणं, व्हाळाकडच्या कोपऱ्यात मुणगा कधीच नव्हता, बेला होता. आई ऐकायला तयार नाही. मी दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत, आणि गणपतीत गावी गेलं की शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं ठरलं आहे.